कर्करोगाचा उपचार : वैद्यांचे काम आणि आपले काम



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे धान्याच्या बाजाराविषयी चार शब्द लिहू, अशीच त्यांची अपेक्षा असावी. परंतु तूर-हरभऱ्याचे भाव स्मरणिका छापून होईपर्यंत शिळे होतात. ज्या विषयाची आज आपल्या गल्लीगल्लीत दबक्या आवाजात चर्चा होते, परंतु जो उघडपणे बोलण्याचे आपण सारेच टाळतो, त्या कर्करोगाविषयी लिहावे असे आमच्या मनाने घेतले. आम्ही वैद्य नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. येथे जे लिहिले आहे ते डॉक्टरांनी आम्हांस वेळोवेळी समजावून सांगितलेले, आणि आमच्या कनिष्ठ बंधूंच्या आजारात घरात प्रत्यक्ष अनुभवलेले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : रोगावर इलाज करणे हे वैद्यांचे काम, परंतु इलाज चालू असेतो रुग्णाचे मन, अन्न, मान आणि पत राखणे हे आपले काम. हे दुसरे काम पहिल्याइतकेच दीर्घ आहे, आणि रोग लपवून ठेवला तर ते कोणासच करता येत नाही.

लपविण्याची किंमत

आमच्या बंधूंना तरुणपणापासून तंबाखूची सवय होती. मध्य प्रदेश शासनाने २०१२ साली देशात सर्वप्रथम गुटख्यावर बंदी घातली खरी. परंतु बंदीचा हुकूम निघाल्याने जिभेची सवय सुटत नाही. त्यांच्या गालाच्या आतील बाजूस प्रथम एक पांढरा चट्टा दिसला, मग तेथे जखम झाली आणि ती भरेना. तुकडा काढून तपासणी केली, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले.

दिवाळी तोंडावर आली होती. वर्षाचे हिशेब पुरे व्हावयाचे होते, आणि घरात पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. बाजारात बातमी फुटली तर देणेकरी मुदतीपूर्वीच रकमा मागतील, आणि मुलीकडे पाहावयास येणारे मागे फिरतील, अशी दोन भये आम्हांस वाटली. म्हणून दाढेचे दुखणे आहे असे आम्ही सर्वांस सांगितले आणि मुंबईस जाणे पुढे ढकलले. यात जवळजवळ तीन महिने गेले. शेवटी मुंबईस नेले, तेव्हा रोग पुढे सरकला होता. जबड्याचा काही भाग काढण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. हा निर्णय आमचा होता आणि दोषही आमचाच. तो येथे जाहीर लिहिण्याचा हेतू इतकाच की, आमच्या वाचकांपैकी कोणी तसाच निर्णय घेण्याच्या बेतात असेल तर त्याने थांबावे.

आणखी एक लपविणे आम्ही केले. ते स्वतः रुग्णापासून. बंधूंना धक्का बसू नये म्हणून घरात रोगाचे नाव उच्चारावयाचे नाही, असा आमचा दंडक होता. परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या दाराशी मोटार थांबली तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहिले आणि ते शांतपणे म्हणाले, "दादा, मला वाचता येते." इतके दिवस त्यांना सारे ठाऊक होते, आम्हांस वाईट वाटू नये म्हणून ते गप्प होते. एका छपराखाली दोन भाऊ एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होते, आणि दोघेही एकटे पडले होते. त्या दिवसापासून आम्ही मोकळेपणाने बोलू लागलो. आजार तोच राहिला, परंतु त्याचे ओझे दोघांत वाटले गेले.

विवाहसंबंधांच्या भयाविषयी एवढेच सांगतो. कर्करोग हा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने अथवा रुग्णाची शुश्रूषा केल्याने होत नाही. म्हणून रुग्णाची भांडी निराळी ठेवण्याचे काही कारण नाही. बहुसंख्य कर्करोग आनुवंशिकही नसतात. काही घराण्यांत मात्र स्तनाच्या अथवा बीजकोशाच्या कर्करोगाचा कल पिढीजात आढळतो. तेथे मुलींनी लवकर तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. म्हणजे तेथेही हित उघडपणातच आहे.

उपचार शरीरात काय करतो

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात, आणि या घडामोडीस एक मर्यादा असते. काही पेशींवरचा हा ताबा सुटला म्हणजे त्या अमर्याद वाढू लागतात, शेजारच्या भागात शिरतात, आणि रक्तावाटे दूरही पसरतात. हाच कर्करोग. त्यावर मुख्यतः तीन उपाय आहेत : शस्त्रक्रिया करून गाठ काढणे, किरणांनी ती जाळणे, आणि औषधांनी पेशी मारणे. या औषधोपचारास किमोथेरपी म्हणतात. कोणास यांपैकी एक, कोणास दोन, कोणास तिन्ही लागतात. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस असा कित्येक आठवडे चालतो. तोंडाच्या कर्करोगात तो सहा आठवडे अथवा अधिक असतो. किमोथेरपीची मात्रा बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात.

ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांतील रक्त तयार करणारा मगज येथील पेशीही वेगानेच वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटून शरीराची रोगप्रतिकाराची शक्ती उणावते. हे कारण एकदा समजले म्हणजे घरातील माणसांची घालमेल पुष्कळ कमी होते. केस गळले याचा अर्थ रोग वाढला असा नव्हे. केस बहुधा उपचारानंतर पुन्हा येतात. ज्या समाजात केशलोच केलेल्या साध्वीजींपुढे आपण मस्तक नमवितो, त्या समाजात औषधाने केस गेलेल्या भगिनीकडे टक लावून पाहावे, हे आपणांस शोभत नाही.

एक नियम मात्र प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावा. किमोथेरपी चालू असता ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, वा त्याहून अधिक झाला तर सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. मात्रेनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि तेव्हा साधा जंतुदोषही प्राणावर बेततो. घरात तापमापक असावा, आणि तो पाहणे घरातील एकाहून अधिक माणसांस यावे.

शरीराबाहेरील यंत्राने दिलेल्या किरणांमुळे रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. नातवंडांना आजोबांच्या मांडीवर बसू द्यावे. आमच्या घरी हे समजेपर्यंत मुलांना दूर ठेवले गेले, याची खंत आम्हांस आजही वाटते.

आहार आणि व्रतनियम

या बाबतीत आपल्या घरांतून सर्वाधिक गोंधळ होतो. उपचारात शरीराची झीज भरून काढण्यासाठी पुरेसे अन्न, विशेषतः प्रथिने, लागतात. आपल्या शाकाहारात मूग, मसूर, तूर, दूध, दही, पनीर यांतून ती मिळतात. तोंड आले असता तिखट, आंबट, कडक पदार्थ वर्ज्य करावेत. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, पेज, खीर, मऊ शिरा असे पदार्थ थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावेत. आम्ही आयुष्यभर मुगाची पोती तोलली, परंतु अर्धी वाटी मुगाचे वरण एका माणसाच्या गळ्याखाली उतरले म्हणजे घरास किती आनंद होतो, हे आम्हांस त्या दिवसांतच कळले.

आपल्या आचारातील कित्येक गोष्टी या काळात फार उपयोगी पडतात. उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, वासी पदार्थांचा त्याग आणि हात-भांड्यांची शुचिता हे सारे प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णास हितकरच आहे. अडचण येते ती उपवासाची व चौविहाराची. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारा वृद्ध रुग्ण औषधाच्या दिवशी अडून बसतो, घरातील माणसे कोंडीत सापडतात, आणि डॉक्टरांस कोणी काही सांगत नाही. अशा वेळी आपल्या शास्त्रकारांची दूरदृष्टी आठवावी. श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाण घेताना आगार, म्हणजे अपवाद, आधीच ठेवलेले असतात. आणि तीव्र व्याधीत चित्ताची समाधी राखण्यासाठी औषध घ्यावे लागले तर व्रतभंग होत नाही, असा एक आगार त्यांत आहे. तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच रुग्णाने महाराज साहेबांपुढे अथवा आपल्या परंपरेतील गुरुजनांपुढे सारे मांडावे व त्यांची आज्ञा घ्यावी. आपले नियम डॉक्टरांसही स्पष्ट सांगावेत. कित्येक औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसविता येतात. गावठी चूर्णे व काढे चालू असतील तर तेही डॉक्टरांपासून लपवू नयेत, आणि त्यांच्या भरवशावर मुख्य उपचार सोडू नये.

याच ओघात एक नाजूक गोष्ट. संथारा हा आपल्या धर्मातील अत्यंत आदराचा विषय आहे. परंतु उपचाराने बरे होण्याची आशा असलेल्या रुग्णापाशी भेटीस आलेल्यांनी तो काढावा, हे योग्य नव्हे. रोग हाताबाहेर गेला असला तरीही वेदना शमविण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे, आणि मॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली असता रुग्ण शांतपणे नवकार ऐकू शकतो. वेदनेने तळमळणाऱ्यास समाधी कोठून लाभणार?

मुंबईची वाट

बऱ्हाणपूरचे रुग्ण इंदूर, भोपाळ, नागपूर येथेही जातात. परंतु आपल्या स्थानकावरून मुंबईची गाडी थेट मिळत असल्यामुळे पुष्कळांचे पाय परळकडे वळतात. त्या रुग्णालयाची कथा व्यापारी समाजाने अवश्य जाणावी अशी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ साली ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. एका उद्योगपतीच्या घरचे दुःख लाखो घरांच्या उपयोगी पडले. औषधदान म्हणतात ते याहून निराळे काय असते?

परंतु इमारत आणि यंत्रे असली तरी गावाहून आलेल्या माणसास आठवडेच्या आठवडे राहावयास जागा लागते. परळच्या पदपथांवर पथारी टाकून राहणारी रुग्णांची कुटुंबे ज्याने पाहिली, तो ती विसरणार नाही. या उणिवेवर समाजानेच उपाय काढले. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात बाहेरगावच्या रुग्णांची अल्प खर्चात सोय होते. कर्करोगग्रस्त बालके व त्यांचे आईबाप यांसाठी सेंट ज्यूड संस्था २००६ पासून विनामूल्य निवासाची व्यवस्था करीत आहे. आम्ही नातलगांकडे उतरलो होतो. तरीही धर्मशाळेच्या ओसरीवर अनेक संध्याकाळी घालविल्या, कारण तेथे आमच्याच सारखी माणसे होती. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, तोंड आल्यावर गुळण्या कशा कराव्यात, हे बिहारच्या एका शेतकऱ्याने आम्हांस शिकविले.

प्रवासाविषयी : रुग्णालयाचा दाखला दाखविल्यास कर्करोगाच्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, आणि सोबत्यास पाऊण सवलत मिळते. खर्चाविषयी : २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांस, उत्पन्न कितीही असले तरी, ते लागू झाले आहे. आपल्या सभासदांपैकी पुष्कळ ज्येष्ठांनी हे कार्ड अद्याप काढलेले नाही. तसेच २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातील रुग्णालये जोडलेली आहेत. म्हणून उपचाराची रूपरेषा मुंबईस ठरवून पुढील मात्रा घराजवळच्या रुग्णालयात घेता येतील काय, हे डॉक्टरांस जरूर विचारावे.

कागदपत्रांची नस्ती खतावणीसारखी तारीखवार ठेवावी. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, त्या तुकड्याच्या काचा व मेणाचे ठोकळे, छायाचित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे बरोबर न्यावे. हे काम व्यापाऱ्याच्या घरात कोणासही शिकवावे लागू नये.

भेटीस जाणाऱ्यांनी

आजाऱ्याच्या समाचारास जाणे ही आपली चांगली रीत आहे; परंतु या आजारात तिला वळण लावणे अगत्याचे आहे. प्रथम निरोप पाठवून विचारावे. एका वेळी दोघांहून अधिकांनी जाऊ नये, पाव तासाहून अधिक बसू नये, आणि सर्दी-खोकला असणाऱ्याने मुळीच जाऊ नये. अमक्याला हाच रोग झाला होता आणि तो गेला, अशी हकीकत सांगू नये. खर्च किती आला, हे विचारू नये. पूर्वकर्माचा उदय म्हणून रुग्णास उपदेश करू नये; कर्माचा विचार त्याने एकांतात पुष्कळ केलेला असतो.

"काही लागले तर सांगा" हे वाक्य आपण सारे बोलतो. ते बिनतारखेच्या हुंडीसारखे आहे. दिसावयास कागद असतो, परंतु वटविता येत नाही. त्यापेक्षा "गुरुवारी सकाळी सात वाजता मी गाडी घेऊन येतो", "पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा आमच्या घरून येईल", "मुलांची शाळेची ने-आण आमच्याकडे" असे सांगावे. आमच्या शेजारच्या एका कापड व्यापाऱ्याने आम्हांस काही न विचारता दररोज सायंकाळी दूध आणून ठेवले. त्या दुधाची किंमत आम्ही कोणत्या खात्यात मांडावी?

पेढी आणि पत

आता बाजाराविषयी. आम्ही ज्या भयाने रोग लपविला, ते भय केवळ कल्पनेतले नव्हते. शेठ आजारी पडले असे कळताच वसुलीस धावणारे लोक आपल्यातच आहेत. परंतु बातमी उघड झाल्यावर आमच्या बाबतीत जे घडले ते मात्र आम्ही अपेक्षिले नव्हते. एका जुन्या आडत्याने स्वतः येऊन सांगितले, "शेठजी, मुदत दिवाळीपर्यंतची होती, ती आता अक्षय तृतीयेपर्यंतची समजा." त्यांचे पाहून आणखी दोघांनी तसेच केले. दुसऱ्या एका पेढीच्या मुनीमजींनी आठवड्यातून दोन दिवस येऊन आमचा रोजमेळ लिहिला. पत लपविल्याने टिकते असे आम्ही मानीत होतो. ती विश्वासाने टिकते हे आम्हांस साठीत कळले.

म्हणून संघापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, दीर्घ आजाराने गादीवर बसू न शकणाऱ्या सभासदाच्या पेढीचे हिशेब पाहण्यासाठी दोन अनुभवी बंधूंची नेमणूक व्हावी, आणि उपचारकाळात कोणी मुदतीपूर्वी तगादा लावू नये असा ठराव व्हावा. दुसरी, रक्तदात्यांची गटवार यादी तयार असावी. रक्तातील प्लेटलेट हा घटक काढल्यावर साधारण पाच दिवसच टिकतो, म्हणून त्यासाठी दाता ऐन वेळी हजर व्हावा लागतो. तिसरी, मुंबईस सोबत जाणाऱ्यांची पाळी लावावी. ही सोय हमाल, तोलाईवाले व मुनीम यांच्या कुटुंबांसही मिळावी. त्यांना पतही नसते आणि नातलगही मुंबईत नसतात.

या पाळीत घरातील स्त्रियांचा विचार विशेष व्हावा. रुग्णाची सेवा बहुधा पत्नी अथवा सून करते. ती रात्री जागते, दिवसा स्वयंपाक करते, आणि तिची प्रकृती कोणी विचारीत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी तिला पूर्ण विश्रांती मिळेल असे दुसऱ्या कोणी पाहावे. आणि तिच्या स्वतःच्या स्तनात गाठ हातास लागली, तर सर्वांचे आटोपल्यावर पाहू असे तिने म्हणू नये.

शेवटची गोष्ट

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे एक अंग आहे, म्हणजे रुग्ण देहाची किळस न करणे. त्यासाठी उद्दायन राजाचा दाखला देतात. एका देवाने व्याधिग्रस्त मुनीचे रूप घेऊन त्याची परीक्षा पाहिली. आहार घेऊन मुनीने वमन केले, तरी राजा-राणींनी न शिसारता स्वहस्ते त्यांस स्वच्छ केले. हीच वैयावृत्त्य, आणि आपल्या शास्त्रांनी तिची गणना अभ्यंतर तपांत केली आहे. किमोथेरपीच्या रात्री उशाशी बसून भांडे धरणाऱ्या माणसाचे तप कोणत्याही उपवासाहून उणे नाही, असे आमचे मत झाले आहे.

आपल्या शहराचा कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शंभराच्या आसपास कुंड्यांतून, जमिनीखालच्या एकाच वाटेने, शहरापर्यंत येते. वरून पाहणाऱ्यास प्रत्येक कुंडी निराळी दिसते. खाली मात्र एकीचे पाणी दुसरीस मिळत असते. आपल्या पेढ्याही तशाच असाव्यात.

आमचे बंधू आज पुन्हा गादीवर बसतात. त्यांचे बोलणे पूर्वीसारखे स्पष्ट नाही, आणि जेवण मऊच लागते. नवा ग्राहक प्रथम गोंधळतो. मग ते पाटीवर भाव लिहून दाखवितात आणि सौदा होतो. तंबाखू खाणारा कोणी समोर आला तर ते काहीच लिहीत नाहीत, केवळ स्वतःच्या गालाकडे बोट दाखवितात.